आविन्योंला दोघी गेलो होतो

शारजाच्या रोल्लातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाडं दोन होती आणि स्वयंपाकघर एक, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही. आतल्या खोलीत आम्ही तिघं, म्हणजे पप्पा, आई आणि मी. हॉलला प्लायवूडचं पार्टिशन घातलं होतं, त्याच्या पलीकडे रेजिना मावशी आणि तिची ग्लॅडिस. मावशी आमची रक्ताची कुणी नव्हे. तिचा नवरा आणि पप्पा वसईच्या एकाच आळीतले, आणि शारजात एकाच हॉटेलच्या लाँड्रीत टेबलक्लॉथ इस्त्री करणारे. तो अचानक गेला तेव्हा मायलेकींना परत पाठवायच्या गोष्टी सुरू झाल्या. पप्पांनी चार ठिकाणी शब्द टाकला, मावशीला एका नर्सरीत आयाचं काम मिळवून दिलं, आणि एका शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर दोघींना सामानासकट घरी आणलं. आईनं काही न बोलता कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. ती हॉस्पिटलात वॉर्डात कामाला होती, शिफ्टवरून आली की तिच्यात बोलायचं त्राणच नसायचं.

तेव्हापासून चूल मावशीच्या हातात गेली. सकाळी मला जाग यायची ती खिडकीतल्या एसीच्या खडखडाटानं नाही, तर मावशीच्या लाटण्यानं. खाली बसवाले दुबई, दुबई ओरडत असायचे, वरच्या मजल्यावर मल्याळी टेलरची मशीन चालू असायची, शेजारच्या मशिदीत अजान झाली की मावशी हात थांबवून कपाळावर क्रूस काढायची, कारण देवाचं नाव कुणीही घेतलं तरी ते देवाचंच, असं तिचं म्हणणं. वर्षातून एकदा ती बॉटल मसाला करायची. वसईहून मिरच्या यायच्या, आणि त्या भाजायला घेतल्या की आमचा अख्खा मजला खोकायला लागायचा. पठाण वॉचमन तोंडाला रुमाल बांधून वर यायचा. "अम्मा, ये खाना है या बम है?" मावशी त्याला म्हणायची, "शामको प्लेट लेके आ, तब बता." आणि तो संध्याकाळी प्लेट घेऊन यायचा.

मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. हे मी तेव्हाही सांगत असे, आताही सांगते, त्यात लाजायचं काय. पप्पा सातवी, आई चौथी. मला वसईला मावसआजीकडे ठेवून कॉलेजात घातलं, इतिहास घेऊन मी पास झाले, परत आले आणि एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागले. पप्पांनी सर्टिफिकेटची फ्रेम करून घेतली आणि ती येशूच्या फोटोखाली लावली. रोल्लात कुणीही भेटलं की "ही माझी फिलोमिना, ग्रॅज्युएट" अशी ओळख. भाजीवाल्यालासुद्धा. मी वर वर "पुरे हो पप्पा" म्हणायचे.

आविन्यों कॉलेजच्या पुस्तकात भेटलं. दक्षिण फ्रान्समधलं एक तटबंदीचं गाव, आणि तिथं सात पोप एकामागून एक राहिलेले, रोम सोडून. मी हे पहिल्यांदा पप्पांना सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"पोप रोमलाच असतो," ते म्हणाले.

"तेव्हा नव्हता."

"फादरनी कधी सांगितलं नाही."

"फादर सगळं सांगतात थोडंच."

"बघा, बी.ए. केलं आणि पोपलाच घराबाहेर काढलं," मावशी म्हणाली, आणि ग्लॅडिस इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हे गाव आपण डोळ्यांनी बघायचं, आणि बसमधून नाही, पायी बघायचं. दोन वर्षं मी त्यासाठी पैसे साठवले. चर्चच्या हॉलमध्ये एक लेबनानी बाई फ्रेंच शिकवायची, तिच्याकडे बसले. ग्लॅडिसही बसली. मला वाटलं, माझ्या सोबतीसाठी.

ग्लॅडिस माझ्याहून तीन वर्षांनी लहान, दिसायला माझ्याहून बरी, आणि स्वभावानं गोड. पप्पांच्याच हॉटेलात रिसेप्शनला होती. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंनी आम्ही गप्पा मारायचो, प्लायवूडवर बोटानं टकटक केली की ती उठून यायची. तिचं लग्न ठरलं होतं, आणि तेही आमच्याच घरात, पप्पांच्या बहिणीच्या मुलाशी. पप्पांनी मावशीला विचारलं आणि मावशी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." सगळे खूश झाले. आता या वयात मी तो प्रसंग आठवते तेव्हा मला दिसतं की पप्पांच्या छपराखाली राहणारी बाई दुसरं काय म्हणणार होती. पण तेव्हा कुणाला दिसलं नाही, आणि मला तर नाहीच.

त्याच वर्षी डिसेंबरात वसईला साखरपुडा झाला. परत आल्यावर मावशी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "फिलू, तू जातेच आहेस तर ग्लॅडीला ने ना बरोबर. एकदा लग्न झालं की मग कुठलं जग आणि कुठलं काय." पप्पा पटकन हो म्हणाले नाहीत. ठरलेली मुलगी, बहिणीला दिलेला शब्द. दोन दिवस विचार करून त्यांनी मला समोर बसवलं.

"तू जबाबदार का?"

"मी जबाबदार."

"जशी नेशील तशी आणशील?"

"पप्पा, चार दिवसांचं गाव आहे ते. भिंत आहे भोवती. कुठं हरवणार?"

"खलास," पप्पा म्हणाले, आणि विषय मिटला.

व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम लिहून द्यावा लागायचा. एजंट लोक दोन ओळी टाइप करून द्यायचे. मी तीन पानं लिहिली. नकाशा पसरून, रस्त्यांची नावं घालून, कुठून कुठं चालत किती मिनिटं ते मांडून. पहिला दिवस, स्टेशनसमोरच्या वेशीतून आत, सरळ रस्त्यानं घड्याळाच्या चौकापर्यंत. दुसरा दिवस, मंडई, देवळं, म्हणजे तिथली जुनी चर्च, रंगाऱ्यांची गल्ली. तिसरा दिवस, पोपचा राजवाडा दहा ते एक, मग पूल, मग टेकडीवरची बाग. चौथा दिवस, तटाला बाहेरून फेरी. चुकामूक झाली तर काय, तेही मी ठरवलं होतं, शोधत बसायचं नाही, कागदावरच्या पुढच्या ठिकाणी जाऊन थांबायचं. ग्लॅडिसला एक प्रत दिली. तिनं ती बोट फिरवत वाचली.

"राजवाड्यात तीन तास? इतका वेळ लागतो?"

"नीट बघायचं तर लागतो."

"नक्की तीन?"

"नक्की," मी म्हटलं. कुणी माझं लिहिलेलं इतक्या बारकाईनं वाचलेलं मला आवडलं होतं.

निघायच्या दिवशी मावशीनं दोन किलो बॉटल मसाला आणि किलोभर सुके बोंबील आणून माझ्या बॅगेत घातले, तिहेरी पिशवीत बांधून. ग्लॅडीच्या बॅगेत जागा नाही म्हणाली. सहा दिवसांच्या प्रवासाला दोन किलो मसाला. हे मी माझ्या मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ममा, हाऊ डिड यू नॉट नो?" आता त्याला कसं समजवायचं. आमच्या घरात कुणी वसईहून इकडे किंवा इकडून वसईला मोकळ्या हातानं कधी गेलेलं मी पाहिलेलं नाही. फ्रान्सच्या जेवणाला चव नसते, असं मावशी म्हणाली, आणि मला ते पटलं. उलट मी म्हटलं, "दोन किलो पुरेल ना?"

पॅरिसहून आगगाडीनं आम्ही आविन्योंला उतरलो तेव्हा वारा सुटला होता. तो वारा मी विसरणार नाही. आमच्याकडचा वारा गरम आणि जड असतो, हा कोरडा, लखलखीत, कपड्यांत शिरून धक्का देणारा. स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की समोरच तट, पिवळसर दगडाचा, दातेरी, अगदी पुस्तकातल्यासारखा. मी रस्त्यातच उभी राहिले. ग्लॅडिसनं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं, मागून मोटार येत होती. "मरशील ना," ती म्हणाली. "मग मला परत कोण नेईल?"

पहिले दोन दिवस मी आयुष्यात क्वचित इतकी सुखी झाले असेन. लांब सरळ रस्त्याला दोन्हीकडे झाडं, सोललेल्या खोडांची, आणि त्यांच्या सावल्या वाऱ्यानं जमिनीवर हलत असायच्या. चौकातल्या मनोऱ्यात तासातासाला लाकडी माणूस घंटा वाजवायचा. रंगाऱ्यांच्या गल्लीत एका बाजूनं पाण्याचा पाट आणि त्यात जुनी, शेवाळलेली लाकडी चाकं, काही फिरणारी, काही थांबलेली. मी मोठमोठ्यानं माहिती सांगत चालायचे आणि ग्लॅडिस "अच्छा", "हो का" करत मागून यायची. मंडईत एक अल्जेरियन फळवाला होता. माझं फ्रेंच त्याला कळेना, मग मी शारजातलं तोडकंमोडकं अरबी काढलं, तर तो इतका खूश झाला की दोन संत्री फुकट दिली. एका संत्र्याची किंमत दिरहमात काढून मग रुपयात सांगितली तेव्हा ग्लॅडिस म्हणाली, "सालीसकट खा."

तिसऱ्या दिवशी राजवाड्याच्या दारात तिनं बूट काढून टाच दाखवली. फोड आला होता, खरा, मी पाहिला. "तू जा फिलू. मी इथंच पायऱ्यांवर बसते. तू बघून ये आणि मला सांग, तसंही तूच सांगणार." मी म्हटलं, थांबते, उद्या बघू. ती म्हणाली, "दोन वर्षं ज्याच्यासाठी पैसे साठवलेस ते माझ्या टाचेसाठी सोडणार? जा. यल्ला." मी गेले. रिकाम्या, उंच, उघड्या दगडांच्या दालनांतून तीन तास फिरले. पोपच्या स्वयंपाकघरात पोचले, तिथं अख्खं छतच वर निमुळतं होत धुराडं झालेलं. त्याच्याखाली उभी राहून मला मावशीची आठवण आली. इथं मिरच्या भाजल्या तर कुणाला ठसका लागणार नाही, हे घरी गेल्यावर तिला सांगायचं, असं मी ठरवलं.

एक वाजता बाहेर आले. पायऱ्यांवर ती नव्हती. बाथरूमला गेली असेल म्हणून अर्धा तास थांबले. मग मीच केलेला नियम आठवला, कागदावरचं पुढचं ठिकाण. पुलावर गेले. तो पूल नदीच्या मध्येच संपतो, चार कमानी आहेत आणि पुढे नुसतं पाणी. टोकापर्यंत जाऊन आले. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. मग टेकडीवरच्या बागेत, प्रत्येक बाकापाशी. मग वाटलं की ती कालच्या कागदावरच्या ठिकाणी गेली असेल, म्हणून रंगाऱ्यांच्या गल्लीत गेले, पाटाच्या कडेनं खाली बघत, कारण तोवर मनात नाही नाही ते यायला लागलं होतं. मंडई बंद होत आली होती. फळवाल्याला विचारलं, बिन्त हिंदिया, भारतीय मुलगी, माझ्याबरोबरची, पाहिलीस का. त्यानं मान हलवली, माझ्याकडे नीट बघितलं, बसायला खोकं दिलं. "इन्शाल्ला, ती हॉटेलवर असेल," तो म्हणाला. मी बसले नाही. देवळांत शिरून गुडघे टेकलेल्या बायकांचे चेहरे वाकून पाहिले. ज्या गावाची प्रत्येक गल्ली मला मिनिटांसकट पाठ होती ते गाव त्या दिवशी मी दोनदा पायाखाली घातलं, आणि काय पाहिलं म्हणाल तर काही नाही.

सातला हॉटेलवर आले, पोलिसांना फोन करायला सांगायचं म्हणून. किल्ली रिसेप्शनला टांगलेली होती. खोलीत तिचा पलंग नीट आवरलेला. बॅग नाही. माझी बॅग उघडून तिच्यातली मसाल्याची आणि बोंबलाची पिशवी तेवढी काढून घेतली होती, बाकीचे कपडे पुन्हा घडी घालून ठेवले होते. उशीवर माझाच कागद, तिसऱ्या दिवसाचा, त्याच्या मागं तिचं अक्षर: "फिलू, पोलिसात जाऊ नको. मी व्हिक्टरकडे चालले. आम्ही लग्न करणार आहोत. काळजी करू नको, आईला माहीत आहे. टाच खरंच दुखत होती."

व्हिक्टर पप्पांच्या हॉटेलातला कुक होता. पाँडिचेरीचा, पण बापजाद्यांपासून फ्रेंच पासपोर्ट असलेला. वर्षभरापूर्वी तो मार्सेयला परत गेला होता. आमच्या घरी दोनदा जेवून गेलेला. "गुणी मुलगा आहे," असं पप्पाच म्हणाले होते.

मी पत्र पुष्कळदा वाचलं. ग्लॅडिसचा राग मला तितका आला नाही, हे विचित्र वाटेल. प्रेमात पडलेली मुलगी, तिला दुसरं काही दिसत नसतं. पण आईला माहीत आहे, या तीन शब्दांवर मी अडकले. म्हणजे भाकरी थापता थापता माझ्याकडे केलेली ती विनंती, तिहेरी पिशवी, चर्चमधलं फ्रेंच, सगळं. सात वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिनं माझा शब्द गहाण टाकला होता आणि मला विचारलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी मी तटाला बाहेरून फेरी मारली. एकटीनं, भरभर, दगडाला हात लावत. तास दीड तासाची फेरी. पूर्ण झाली तेव्हा पुन्हा स्टेशनसमोरच्या वेशीत उभी होते, आणि करायला काही उरलं नव्हतं, म्हणून दुसरी फेरी मारली.

विमानतळावर पप्पा आणि मावशी आले होते. मी एकटी येताना दिसले आणि मावशीनं पदर तोंडात कोंबला. "माझी पोर कुठंय? फिलू, माझी पोर कुठं टाकलीस?" लोक बघायला लागले. पप्पांनी तिला धरलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, जणू मागून ग्लॅडिस खरंच येणार आहे. मी फक्त एवढंच म्हटलं की ती व्हिक्टरकडे गेली, लग्न करणार आहे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आई शिफ्टला गेलेली, पप्पा मिस्साहून आल्यावर वसईला बहिणीला फोन करायला खाली बूथवर. मी स्वयंपाकघरात गेले आणि पत्र ओट्यावर ठेवलं. मावशीनं वाचलं, घडी घालून मला परत दिलं.

"पप्पांना दाखवणार?" तिनं हळू विचारलं.

"का नको?"

"मग मी आज संध्याकाळी कुठं जाऊ ते पण सांग."

"मला सांगता आलं नसतं, मावशी? एक शब्द?"

"सांगितलं असतं तर तू एम्बसीत नीट उत्तरं दिली असतीस? घरात तोंड मिटून राहिली असतीस? तुला खोटं बोलता येत नाही, बाय. म्हणून तर तुझ्याबरोबर पाठवली." हे ती प्रेमानं बोलली. मला अजून तिचा तो आवाज ऐकू येतो. माझा सगळ्यात मोठा गुण तिनं ओळखला होता आणि चिमट्यासारखा वापरला होता.

पप्पा वर आले. चप्पल काढून खुर्चीवर बसले. बहीण काय म्हणाली असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बराच वेळ त्यांनी हाताचे तळवे एकमेकांवर घासले, लाँड्रीतल्या वाफेनं त्यांची कातडी कायम सोललेली असायची.

"फिलोमिना," ते म्हणाले. "मला एकच सांग. तुला माहीत होतं?"

पत्र माझ्या खिशात होतं. ते काढून दिलं असतं तर त्यांना सगळं कळलं असतं, आणि मावशीला घर सोडावं लागलं असतं. मी मावशीवरच्या दयेपोटी पत्राबद्दल गप्प राहिले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. पण आता अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या या शांत खोलीत, मुलगा दुबईतल्या जेएलटीच्या ऑफिसातून यायच्या आधी, हे लिहिते आहे तर खरं लिहावं. मला मावशीची दया आली नव्हती. माझ्यासमोर येशूच्या फोटोखाली ती फ्रेम होती, आणि माहीत नव्हतं म्हणायचं म्हणजे या माणसाला सांगायचं की तुमच्या ग्रॅज्युएट मुलीला एका आयाबाईनं आणि एका रिसेप्शनिस्टनं सहा दिवस, खरं तर वर्षभर, मूर्ख बनवलं, मसाल्याचं ओझंसुद्धा तिच्याच खांद्यावर दिलं. ते मला जमेना. फसवणारी झाले तर चालेल, फसलेली नको.

"माहीत होतं," मी म्हटलं.

पप्पांनी मान वर केली. त्यांचे डोळे मी तसे आधी पाहिले नव्हते. ते चिडले असते तर मी कदाचित खरं बोलले असते. ते चिडले नाहीत.

"आणि तरी जबाबदार म्हणालीस."

"हो."

"बरं," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं पुन्हा, "बरं."

त्यानंतर ते वीस वर्षं जगले. माझ्या लग्नात माझा हात धरून चालले, माझ्या मुलाला खांद्यावर घेतलं. कशातच कमी केलं नाही. फक्त "ही माझी फिलोमिना" इथंच ते थांबायचे, पुढचा शब्द पुन्हा कधी आला नाही. खरं सांगायला मी दोनदा बसले होते, दोन्ही वेळा काहीतरी दुसरंच बोलून उठले. मावशी दोन वर्षांनी मार्सेयला लेकीकडे गेली.

पण त्या दुपारी ती अजून आमच्याच चुलीपाशी होती. दार उघडं होतं, तिनं प्रत्येक शब्द ऐकला होता. बाहेर येऊन एक वाक्य ती बोलू शकली असती. मी वाट पाहिली. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला, आणि ती दोन ताटं घेऊन बाहेर आली. एक पप्पांसमोर ठेवलं, एक माझ्यासमोर. शुक्रवारी हमूर मासा असायचा, आणि त्याचा पाठीकडचा जाड तुकडा घरात नेहमी पप्पांना मिळायचा. त्या दिवशी तो माझ्या ताटात होता. पप्पांनीही ते पाहिलं. मावशी खाली बघून उभी होती.

मी तो खाल्ला.